राखेखालची कुऱ्हाड

"बाई, जरा खाली येता का? खुरप्याला काहीतरी टणक लागतंय," ठकूबाई खड्ड्यातून म्हणाली.

दामलेबाई छत्रीखाली बसून नकाशा काढत होत्या. त्यांनी पेन्सिल ठेवली, पदर खोचला आणि शिडीवरून खाली उतरल्या. मी काठावर माती चाळत होते. चाळणी तशीच टाकून मीही वाकून पाहिलं. खड्ड्याच्या भिंतीत पांढऱ्या राखेचा हातभर जाडीचा पट्टा होता. त्या पट्ट्याच्या खालच्या पिवळ्या मातीतून एका करड्या दगडाचं टोक बाहेर आलं होतं. बोटभरच दिसत होतं, पण नदीच्या गोट्याला असं टोक नसतं. दोन्ही बाजूंनी कपच्या उडवून कोणीतरी ती धार काढली होती.

बाई गुडघ्यांवर बसल्या. ब्रशनं भोवतालची माती हलक्या हातानं झटकली. मग कितीतरी वेळ नुसत्याच बघत राहिल्या.

"मंदा, कॅमेरा आण," त्या वर न बघता म्हणाल्या. "आणि कित्तूर येईपर्यंत कुऱ्हाडीला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

त्यांना मी तसं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ठकूबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसत हसली. गावातल्या बायका तिला रोज चिडवायच्या, की तू नुसती माती उकरतेस आणि तुला गावतं काय, तर धोंडे.

माळेखडकच्या नदीकाठी आमचा तो तिसरा हंगाम होता. डॉ. शरयू दामले दगडी हत्यारांच्या अभ्यासक म्हणून नावाजलेल्या होत्या आणि मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होते. त्यांचं सगळं आयुष्य एका म्हणण्यावर उभं होतं. फार पूर्वी दूर कुठंतरी ज्वालामुखी फुटला, त्याची राख वाऱ्यावर इथवर आली आणि नदीच्या गाळात तिचा थर बसला. थराच्या वर जे सापडेल ते राखेनंतरचं, खाली जे सापडेल ते राखेच्या आधीचं. बाई म्हणत, ही राख पडली त्याच्या कितीतरी आधीपासून या नदीकाठी माणसं राहत होती आणि दगडाच्या हातकुऱ्हाडी घडवत होती. कुऱ्हाडी त्यांना मिळाल्याही होत्या, पण सगळ्या नदीच्या पात्रात, पुरानं लोळवलेल्या. त्या मूळच्या कुठल्या थरातल्या, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

डॉ. अनंत कित्तूर प्रत्येक परिषदेत तेवढंच विचारायचे. बेळगावचे, धारवाडला प्राध्यापक, बाईंच्या बरोबरीनं शिकलेले. "शरयूताई, तुमची माणसं नेहमी नदीतून वाहत येतात," ते म्हणत. "मातीत कधी भेटतील?" सभागृह हसायचं. बाईही हसायच्या. त्या दिवशी घरी आल्या की मात्र त्या जेवत नसत.

हे मला माहीत होतं, कारण मी त्यांच्या घरीच राहत होते. माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील राहुरीकडच्या एका साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कामाला होते. पुण्यात आले तेव्हा वसतिगृहात जागा मिळेना. बाईंनी एकदा वर्गात विचारलं, "कुठं उतरली आहेस?" मी सांगितलं, नात्यातल्या एकांकडे, पण तिथं अडचण होते. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला आपल्या घरी आणलं. बाईंनी लग्न केलं नव्हतं. घरात आम्ही दोघीच. सकाळचा चहा मी करायची आणि रात्रीची भाकरी त्या, कारण माझी भाकरी त्यांना पसंत नव्हती.

दगड फोडायलाही त्यांनीच शिकवलं. ती हत्यारं कशी घडली हे कळायचं तर स्वतः घडवून बघावी लागतात. घरामागच्या अंगणात, अनंताच्या झाडाजवळ, आम्ही संध्याकाळी पोतं अंथरून बसायचो. मांडीवर चामड्याचा तुकडा, एका हातात काळा दगड आणि दुसऱ्या हातात ठोकायचा गोटा. सुरुवातीला माझी बोटं रोज फुटायची. मी डावखुरी, त्यामुळे त्यांचं बघून करताना सगळंच उलटं व्हायचं. शेवटी त्या माझ्यासमोर आरशासारख्या बसून शिकवायला लागल्या. वर्षभरात माझा हात असा बसला, की बाई म्हणाल्या, "आता तू माझ्यापेक्षा बरी घडवतेस."

एक गोष्ट त्या फार कडकपणे पाळायला लावत. कपच्या फेकायच्या नाहीत. एका कुऱ्हाडीच्या सगळ्या कपच्या एका पिशवीत भरून वर चिठ्ठी लावायची. नव्या मुलांना शिकवताना त्या पिशव्या उपयोगी पडत. कपची जिथून निघाली तिथंच बसते, दुसरीकडे कुठंही बसत नाही, हे त्यांना हातानं करून बघता यायचं. अशा पिशव्यांची एक पेटी दरवर्षी आमच्याबरोबर माळेखडकला यायची.

कित्तूरांना तार गेली आणि ते येईपर्यंत छावणीत सण असल्यासारखं वातावरण झालं. बाईंनी तालुक्याहून पेढे मागवले. ठकूबाईला खड्ड्याच्या काठावर उभं करून फोटो काढला, आणि तिनं त्यासाठी घरून नवं लुगडं नेसून यायचा हट्ट धरला. संध्याकाळी बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"लेखावर दोघींची नावं टाकू या," त्या म्हणाल्या.

"माझं कशाला? मी काय केलंय?"

"तू नसतीस तर हे झालं नसतं," त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडूच आलं.

कित्तूर आले ते थेट खड्ड्यात उतरले. साठीला टेकलेला तो माणूस गुडघ्यांवर बसून कुऱ्हाडीभोवतीची माती खिळ्यानं उकरून बघत होता, चिमटीत घेऊन चुरडत होता. कोणी वरून खड्डा करून दगड आत घातला असता तर माती भुसभुशीत लागली असती आणि तिच्यात राख मिसळली असती. तसं काही नव्हतं. वरची राख अखंड होती. त्यांनी कुऱ्हाड काढली, बादलीत धुतली आणि उन्हात धरून उलटीपालटी करून पाहिली. दगडावर जुनाट, करडी साय धरली होती.

"मंदाताई, वर्णन तुम्ही सांगा, मी ऐकतो," असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मी ती डाव्या हातात घेतली. अंगठा आपोआप एका खाचेत जाऊन बसला.

आधी मला काहीच कळलं नाही. मग मी खाच निरखून पाहिली. तिथली कपची साफ निघाली नव्हती, मध्येच तुटून पायरी राहिली होती. ती पायरी मला ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी अंगणात बसले असताना स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, मी मान वळवली आणि घाव चुकला. मी चिडले होते. बाई हसून म्हणाल्या होत्या, "राहू दे. त्या लोकांचेही घाव चुकत असतीलच की." पुढं ती कुऱ्हाड घरात दिसेना, म्हणून मी विचारलं होतं. एका शाळेच्या प्रदर्शनाला दिली, असं बाई म्हणाल्या होत्या.

मी मान वर केली. बाई माझ्याकडेच बघत होत्या.

"सांग ना, मंदा," त्या शांतपणे म्हणाल्या.

आणि मी सांगितलं. दगड कोणता, आकार कसा, धार कुठं, कपच्या कोणत्या क्रमानं काढल्या. क्रम मला पाठच होता. कित्तूर मान डोलवत होते. माझं झालं तेव्हा त्यांनी टोपी काढली.

"शरयूताई, हरलो मी," ते म्हणाले. "उद्या पत्रकार येतील तेव्हा त्यांच्यासमोर तसं म्हणतो. इतकी वर्षं तुमची थट्टा केली, तेवढं तरी मी करायला हवं."

दुपारी सगळे जेवून आडवे झाले तेव्हा मी बाईंच्या तंबूत गेले. त्या खाटेवर बसून केस विंचरत होत्या.

"बाई, ती मी घडवलेली आहे."

"माहीत आहे."

त्यांनी नाही म्हणावं, रागवावं, निदान दचकावं असं मला वाटत होतं. म्हणजे माझीच चूक झाली असं मला मानता आलं असतं. त्यांनी कंगवा बाजूला ठेवला आणि मला शेजारी बसायची खूण केली. मी उभीच राहिले.

"तिच्यावर ती साय कशानं धरली?"

"चिंचेचं पाणी आणि चुना. मग एक पावसाळा अनंताच्या झाडाखाली पुरून ठेवली होती. गेल्या हंगामात खड्डा बुजवायच्या आदल्या दिवशी भिंतीत बाजूनं सरकवली. वर्षभराच्या पाण्यानं माती बसली."

एक अख्खा पावसाळा. त्या अंगणात मी रोज संध्याकाळी बसत होते. त्या झाडाची फुलं काढून मी बाईंच्या टेबलावर ठेवत होते.

"असं का केलंत?"

"मंदा, ती माणसं इथं होती. तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. कधीतरी कोणालातरी खरी कुऱ्हाड राखेखाली मिळणारच. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. पुन्हा खणायला मला कोण परवानगी देणार? मी खोटं काही सांगत नाही. खऱ्याला उशीर होतोय, एवढंच."

"मग तुमच्या हातची ठेवायची. माझी कशाला?"

"माझा हात कित्तूर ओळखतो. आम्ही एकत्र शिकलो. तुझा हात त्याला माहीत नाही." मग अगदी मायेनं म्हणाल्या, "आणि तू ओळखलीस तरी बोलणार नाहीस, याची मला खात्री होती. दुसऱ्या कोणाबद्दल मी असं म्हणू शकले नसते."

मला वाटतं, त्यांना ते खरोखरच कौतुक वाटत होतं.

"तुम्ही स्वतः सांगा त्यांना. उद्या सकाळी, पत्रकार यायच्या आत," मी म्हटलं. "मी तुमच्या शेजारी उभी राहीन."

"दमली आहेस. जा, जरा पड," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कंगवा उचलला.

मी नदीवर जाऊन बसले. गप्प राहिले असते तर काय बिघडलं असतं, असा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. त्या मला आईच्या जागी होत्या. पण ती कुऱ्हाड पुस्तकांत जाणार होती. तिच्याखाली माझं नाव असणार होतं, पोरं तिच्यावर परीक्षेत उत्तरं लिहिणार होती. आणि ती खोटी आहे हे सिद्ध करायचा मार्ग एकच होता. तो आम्ही बरोबर आणलेल्या पिशव्यांच्या पेटीत होता. कपच्या बसवल्या की कुऱ्हाड आजची ठरणार होती, आणि त्याच क्षणी ती माझी ठरणार होती. तरीही मला धीर होता. शेवटच्या क्षणी बाई बोलतील, मला एकटीला पुढं करणार नाहीत, असं मी धरून चालले होते.

सकाळी चिंचेच्या झाडाखाली टेबल मांडलं. कित्तूर, बाई, विद्यापीठातले दोघं-तिघं आणि कामाच्या बायका. ठकूबाई नवं लुगडं नेसून पुढंच उभी होती. मी बाईंकडे पाहिलं. त्या चष्मा पुसत होत्या. जरा वाट पाहिली आणि मग पिशवी आणून टेबलावर रिकामी केली.

"हे काय?" कित्तूरांनी विचारलं.

"त्या कुऱ्हाडीच्या कपच्या."

कोणालाच काही कळलं नाही. मी कुऱ्हाड समोर घेतली आणि एकेक कपची लावत गेले. मोठ्या आधी, मग लहान. करड्या दगडाला काळी कुळकुळीत कपची जाऊन चिकटायची आणि मध्ये केसाइतकीही फट राहायची नाही. खाचेतल्या पायरीवर तिची कपची बसली तेव्हा टक्‌ असा बारीक आवाज झाला. कित्तूर उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले. हळूहळू कुऱ्हाड दिसेनाशी झाली आणि तिच्या जागी मी नदीतून उचलला होता तो गोल गोटा तयार झाला.

"ही कोणी घडवली?" कित्तूरांनी विचारलं.

"मी. पुण्यात, बाईंच्या अंगणात."

"आणि इथं कोणी पुरली?"

मी बाईंकडे पाहिलं. सगळ्यांनीच त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मंदा," त्या म्हणाल्या, "मला आधी सांगायला हवं होतंस गं."

इतक्या हळुवार आवाजात त्या हे बोलल्या, की मला आधी अर्थच लागला नाही. मग त्या कित्तूरांकडे वळल्या. "पोर आहे. माझं ओझं हलकं करायला गेली. माझ्यावरच्या मायेनं केलंय तिनं. याचा गाजावाजा करू नका, तिचं आयुष्य आहे पुढं. आईविना वाढलेली आहे ती."

"बाईंनी पुरली," मी म्हणाले. "काल त्यांनी मला स्वतः सांगितलंय."

माझ्याच कानांना ते केविलवाणं वाटलं. विद्यापीठातल्या एकानं मान खाली घातली. बाईंनी माझ्याकडे रागानं पाहिलं नाही, उलट क्षमा केल्यासारखं पाहिलं. ठकूबाई पुढं आली, त्या गोट्याकडे बघत राहिली आणि तिनं मला विचारलं, "मंग मी काढलं ते काय व्हतं, ताई?" ती वळली आणि पदर डोक्यावर घेऊन गावाकडे चालायला लागली.

चौकशी झाली नाही, बाईंनी होऊ दिली नाही. सगळीकडे त्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक झालं. माझी शिष्यवृत्ती बंद पडली. सामान आणायला मी पुण्याला गेले तेव्हा बाई घरी नव्हत्या. शेजाऱ्यांकडे किल्ली होती आणि माझी ट्रंक व्हरांड्यात भरून ठेवलेली होती. कपडे नीट घड्या करून ठेवले होते.

मी अकोल्याच्या, म्हणजे आमच्या नगरकडच्या अकोल्याच्या, एका शाळेत भूगोल शिकवायला लागले. वडिलांनी काही विचारलं नाही. कोणी ओळखीचं भेटलं की मात्र ते माझ्या नोकरीबद्दल घाईघाईनं बोलायचे.

काही वर्षांनी एका शनिवारी शाळा सुटताना फाटकापाशी कित्तूर उभे होते. काठी आली होती. आम्ही समोरच्या हॉटेलात बसलो.

"मी फार दिवस विचार करत होतो," ते म्हणाले. "स्वतः पुरलेली गोष्ट उघडी पाडायला कोणी कपच्या घेऊन येत नाही. एवढं साधं मला त्या दिवशी सुचायला हवं होतं."

"तेव्हा बोलला असतात तर उपयोग झाला असता."

"हो," त्यांनी सबब सांगितली नाही. "धारवाडला येणार का? पहिल्यापासून करावं लागेल."

मी गेले. कन्नड शिकले, पीएच.डी. केली, मलप्रभेच्या काठानं हिंडले. दगडी हत्यारांवर माझे ग्रंथ आहेत, बाहेरच्या विद्यापीठांतून बोलावणी आली. तरी सुरुवातीची कितीतरी वर्षं मी बोलायला उभी राहिले की मागच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याच्या कानाला लागायचा. माझ्या कुठल्याही उत्खननात सापडलेल्या वस्तूला पहिला हात मी लावत नाही. खड्ड्याच्या काठावर हात मागं बांधून उभी राहते आणि मुलांना सांगते, तुम्ही काढा. त्यांना ती माझी शिस्त वाटते.

निवृत्तीच्या आधी मी माळेखडकला परत गेले. जुन्या खड्ड्यापासून वर, वळणापाशी खणलं. या वेळी दोन वेगळ्या संस्थांची माणसं पहिल्या दिवसापासून हजर ठेवली होती. राखेच्या खाली हातकुऱ्हाडी निघाल्या आणि त्यांच्याभोवती त्यांच्याच कपच्या, घडवणारा नुकताच उठून गेल्यासारख्या पसरलेल्या. कोणाला शंका काढायला जागा राहिली नाही. कित्तूर तेव्हा हयात नव्हते. ठकूबाईच्या घरी गेले, तर तीही गेल्याचं सुनेनं सांगितलं.

बाई होत्या. नव्वदी ओलांडली होती, दिसायचं कमी झालं होतं. त्यांची भाची त्यांना सांभाळत होती. मी पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले आणि नाव सांगितलं. त्यांनी माझा डावा हात चाचपून हातात घेतला.

"बाई, माळेखडकला कुऱ्हाडी मिळाल्या."

"राखेच्या खाली?"

"राखेच्या खाली."

त्यांनी डोळे मिटले. चेहरा एकदम उजळला. मी वाट पाहत होते. मला माफी नको होती. त्या दिवशीचं एखादं वाक्य, चिंचेच्या झाडाचा नुसता उल्लेखही मला पुरला असता. स्वयंपाकघरात भाची कप मांडत होती.

"आज कित्तूर असायला हवा होता," बाई म्हणाल्या आणि हसल्या.

मी हात सोडवून घेतला आणि उठले. भाची म्हणाली, चहा होतोय, थांबा की. मी म्हटलं, गाडी आहे.

"मंदा," बाईंनी पलंगावरून हाक मारली. "फोटो काढले असतील ना? मोठे करून आण पुढच्या वेळी. अगदी डोळ्यांजवळ धरले की दिसतं मला अजून."

"आणते," मी म्हणाले. फोटो माझ्या खांद्यावरच्या पिशवीतच होते.